बोअर अर्ध्या तासात कोरडी, दोन तासांनी पुन्हा भरलेली: पंप बंद केल्यावरच्या पातळीवरून दुखणं कसं ओळखायचं

मार्च उजाडला की पुण्यात एकाच साच्यातली तक्रार सुरू होते. बावधन असो, वारजे असो, नाहीतर कोंढवा. बोअरचा पंप चालू केला की पहिली वीस-पंचवीस मिनिटं पाणी जोरात येतं. मग धार तुटते, पाइपातून हवा फुसफुसायला लागते आणि पॅनेल ट्रिप होतं. दीड-दोन तास थांबून चालू केलं की पुन्हा तेवढंच. कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, मारली तेव्हा दोन इंची पाणी लागलं होतं!" उपायही ठरलेलेच असतात. पंप आणखी चार पाइप खाली सोडा. नाहीतर बोअर आणखी दीडशे फूट खोल करा. तेही नको असेल तर दुसरी मारा आणि जागा दाखवायला पाणाड्या बोलवा. पैसे जातात, आणि पुढच्या मार्चला ये रे माझ्या मागल्या.

लक्षण एकच असलं तरी त्यामागची कारणं चार-पाच वेगवेगळी असतात, आणि पंप चालू असताना धारेकडे बघून ती वेगळी काढता येत नाहीत. पंप बंद केल्यावर पाणी कसं वर चढतं त्यावरून ती कळतात. तेलाच्या विहिरींवर हे काम रोजचं आहे. तिथे विहीर बंद करून दाब कसा चढतो ते तासन्‌तास मोजतात आणि त्यावरून खाली खडकात तेल कसं वाहतंय ते ठरवतात. आपल्याकडे दाबाऐवजी पाण्याची पातळी, एवढाच फरक. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब. गणित तेच.

आधी त्या दोन इंचांचा हिशेब.

बोअर मारणारे रिगवाले पाणी मोजतात ते काटकोनी खाचेच्या पत्र्याने, ज्याला सगळे व्ही-नॉच म्हणतात. खाचेतून जाणाऱ्या पाण्याची उंची दोन इंच भरली की 'दोन इंची पाणी'. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र दोन इंची पाइप तुडुंब वाहत असतो. प्रत्यक्षात खाचेत दोन इंच म्हणजे मिनिटाला सुमारे ४८ लिटर, तासाला २,९०० लिटरच्या आसपास. एक इंच म्हणजे मिनिटाला जेमतेम साडेआठ लिटर, आणि तीन इंच म्हणजे १३० च्या वर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींनी वाढतं, त्यामुळे अर्ध्या इंचाची चूकसुद्धा महागात पडते. शिवाय हे माप घेतलं जातं तेव्हा कॉम्प्रेसरने बोअरमधलं सगळं पाणी उडवून टाकलेलं असतं. भेगांसमोर बोअर पूर्ण रिकामी असते आणि खडक ताजा भरलेला असतो. म्हणजे तो आकडा बोअरच्या आयुष्यातला सर्वात चांगला दिवस सांगतो. त्याच आकड्यावर भिस्त ठेवून, वर "थोडा मोठाच घ्या" असं म्हणत, मिनिटाला ९० लिटर ओढणारा पंप बसवला जातो.

आता बोअरचं पोट मोजू. साडेसहा इंची बोअर म्हणजे १६५ मिलिमीटर व्यास, आणि तिच्या प्रत्येक मीटरमध्ये मावतं २१.४ लिटर पाणी. नमुन्यादाखल अशी बोअर घ्या: खोली १०० मीटर, स्थिर पातळी (पंप बराच वेळ बंद असताना पाणी जिथे थांबतं ती) जमिनीपासून १२ मीटरवर, पंप ८४ मीटरवर. पंपाच्या वर ७२ मीटर पाणी उभं आहे, म्हणजे सुमारे १,५४० लिटर. खडकातून मिनिटाला ३० लिटर येत असतील आणि पंप ९० ओढत असेल, तर बोअर मिनिटाला ६० लिटरने रिकामी होते. १,५४० भागिले ६० म्हणजे पंचवीस-सव्वीस मिनिटं. तक्रारीतला आकडा आला. त्या पंचवीस मिनिटांत टाकीत गेलेल्या पाण्यापैकी दोन तृतीयांश तर आधीच बोअरमध्ये साठलेलं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात असतं, पण ते रात्रभर साठलेलं असतं, आणि खडकाची खरी देणगी त्या जोरदार धारेत लपून जाते.

तेलवाले याला वेलबोअर स्टोरेज म्हणतात. वेळ आणि पातळीतली घट, दोन्ही लॉग मापावर (जिथे प्रत्येक सारखी पायरी म्हणजे दहापट) आखली तर हा सुरुवातीचा भाग ४५ अंशाची सरळ रेघ होतो. त्या रेघेतून फक्त बोअरचा व्यास कळतो, जो आपल्याला आधीच माहीत असतो. खडकाबद्दल तिथे काहीही लिहिलेलं नसतं. एवढ्या रेघेवर 'बोअर चांगली आहे' असा शेरा मारलेले चाचणी अहवाल मात्र बरेच फिरत असतात.

मोजमाप: इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया

नुसती टेप बोअरमध्ये सोडू नका. वरच्या भेगेतून पाणी गळत असतं, भिंत ओली असते, आणि साउंडर (टेपच्या टोकाचं, पाण्याला टेकताच वाजणारं यंत्र) मधेच कुठेतरी वाजतो. पंपाच्या पाइपाबरोबर अर्धा इंची प्लास्टिकची नळी खालपर्यंत सोडा आणि साउंडर तिच्यातून घाला. नळीचं तळाचं तोंड उघडं हवं आणि वरच्या टोकाला झाकण नको, नाहीतर आत हवा कोंडते.

साउंडर नसेल तर एअर लाइन चालते. बारीक नायलॉनची नळी पंपाबरोबर ८४ मीटरपर्यंत उतरवायची, वर प्रेशर गेज आणि सायकलचा पंप लावायचा. हवा भरत गेलात की काटा चढतो आणि एका जागी थांबतो, कारण त्यापुढची हवा खालून बुडबुडे होऊन निघून जाते. काटा ४.२ किलोवर थांबला तर नळीच्या टोकावर ४२ मीटर पाणी आहे, म्हणजे पातळी ८४ वजा ४२, जमिनीपासून ४२ मीटरवर. अचूकता अर्ध्या-एक मीटरची मिळते. पहिल्या चाचणीला ती पुरते, दुसरीला पुरत नाही.

आणखी एक भानगड नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची, म्हणजे पाइपातलं पाणी परत खाली येऊ न देणाऱ्या झडपेची. तो गळका असेल तर पंप बंद होताच उभ्या पाइपातलं पाणी परत बोअरमध्ये येतं. दीड इंची पाइपात ८० मीटरला साधारण १०० लिटर मावतात, आणि १०० लिटरने बोअरमधली पातळी जवळजवळ पावणेपाच मीटर वर उडते. पहिल्याच मिनिटात अशी उडी दिसली तर खडकाचं कौतुक करण्याआधी व्हॉल्व्ह बदला.

पहिली चाचणी: बोअर रिकामी करा आणि बघत बसा

पंप धार तुटेपर्यंत चालवा, बंद करा, आणि घड्याळ लावून पातळी लिहायला लागा. शेजारी कोणी दुसरा लिहून घेणारा असेल तर बरं. वॉचमन काकांना हाताशी घेतलं तर एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. आपल्या नमुन्याच्या बोअरची वही अशी दिसेल (आकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतचे):

बंद केल्या क्षणी ८० मीटर
५ मिनिटं: ७३
१०: ६६
१५: ५९
२०: ५२
२५: ४५
३०: ३८.८
४०: २९.५
६०: २०
९०: १५.८
१२०: १४.५

पहिल्या पंचवीस मिनिटांकडे नीट बघा. दर पाच मिनिटांना बरोबर सात मीटर. पातळी ८० वर असताना जो वेग, तोच ४५ वर असताना. मिनिटाला १.४ मीटर गुणिले २१.४ म्हणजे ३० लिटर. आलेखावर ही सरळ रेघ, आणि ती ३९ मीटरच्या आसपास वाकते. तिथून पुढे वेग उतरत जातो.

ही वाकण्याची जागा म्हणजे तुमची भेग. बोअरमध्ये येणारं जवळपास सगळं पाणी ३९ मीटरवरून येतं. पातळी तिच्या खाली असेपर्यंत भेगेतलं पाणी मोकळ्या हवेत खाली पडत असतं. ते दहा मीटर पडो की चाळीस मीटर, भेगेच्या तोंडाशी दाब शून्यच, त्यामुळे प्रवाह बदलत नाही. पंप बंद करून बोअरच्या तोंडाशी कान लावलात तर हे पाणी पडताना ऐकू येतं, आणि अर्ध्या तासाने तो आवाज थांबतो. तो थांबतो त्या वेळची पातळी लिहून ठेवा, वहीतल्या वाकणाशी ती जुळायला हवी. पातळी भेगेच्या वर चढेपर्यंत वरती पंप बंद झालाय याचा खडकाला पत्तासुद्धा नसतो. त्याच्या दृष्टीने उपसा चालूच आहे.

म्हणून पंप खाली सोडण्याचा उपाय इथे चालत नाही. ८४ वरून ९० वर नेला तर येणारं पाणी तेच ३० लिटर राहतं. वीस फुटी एका पाइपामागे साठा वाढतो सुमारे १३० लिटरने, आणि तेवढं पाणी जास्त खोलून उचलण्याचं वीजबिल वेगळं.

खोल करण्याचं काय? पुण्याखालचा दख्खनचा बेसॉल्ट एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला, ज्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात, आणि खालचा भाग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मधे कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा. पाणी बहुतेक वेळा थरांच्या सांध्यात आणि मांजऱ्यात सापडतं. काळ्या पाषाणात उभ्या भेगा नसतील तर तो कोरडा ठणठणीत. आणखी खोल गेल्यावर खालचा सांधा लागला आणि पाणी मिळालं असं होतं, नाही असं नाही. पण ३९ मीटरच्या खाली ६० मीटर काळाच लागलाय असं ड्रिलरच्या नोंदीत असेल, तर आणखी दीडशे फुटांवर पैसे लावणं हा जुगार आहे आणि तो जुगार समजूनच खेळावा. ती नोंद मात्र कोणाकडेच नसते. बोअर मारताना कोणत्या फुटाला कोणता चुरा आला हे लिहून घेणं फुकटचं काम, आणि तेच होत नाही.

वहीत दोन वाकणं दिसली तर भेगा दोन. वाकण कुठेच नसेल आणि चढण्याचा वेग सुरुवातीपासूनच हळूहळू कमी होत असेल तर पाणी तळाकडून येतंय, आणि अशा बोअरला पंप खाली नेल्याचा थोडा उपयोग होऊ शकतो.

दुसरी चाचणी: भेग बुडालेली ठेवून

पहिल्या चाचणीतून भेग कुठे आहे आणि ती जास्तीत जास्त किती देते ते कळलं. ती किती दिवस देत राहील हे खडकावर अवलंबून आहे, आणि ते समजायला पातळी भेगेच्या वर ठेवून उपसा करावा लागतो. डिलिव्हरीच्या गेट व्हॉल्व्हने धार आवळा. मिनिटाला २० लिटर घेऊ, म्हणजे २०० लिटरचं पिंप दहा मिनिटांत भरलं पाहिजे. पातळी उतरेल तशी धार बारीक होते, म्हणून पहिला तासभर पिंप आणि व्हॉल्व्ह यांच्यापासून हलू नका. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालवा. आपल्या बोअरमध्ये पातळी २९ मीटरच्या आसपास येऊन रेंगाळेल, घट १७ मीटर. सहाला बंद करा. खरी चाचणी इथून सुरू होते.

आता उपसा सुरू केल्यापासूनचा एकूण वेळ भागिले बंद केल्यापासूनचा वेळ, असा भागाकार प्रत्येक वाचनाला लिहा. रात्री साडेनऊला बंद होऊन साडेतीन तास झालेले, एकूण साडेअकरा: भागाकार ३.२९. पहाटे दोनला १६ भागिले ८, म्हणजे २. सकाळी दहाला २४ भागिले १६, म्हणजे १.५. हे आडव्या अक्षावर लॉग मापात, आणि उरलेली घट उभ्या अक्षावर. समजा पातळ्या निघाल्या १३.८, १३.०५ आणि १२.६. म्हणजे १२ च्या स्थिर पातळीपेक्षा १.८, १.०५ आणि ०.६ मीटर खाली. तीन बिंदू एका रेघेत येतात, आणि भागाकार दहापट झाला की घट साडेतीन मीटरने बदलते असा त्या रेघेचा उतार निघतो.

खडकातून पाणी आडवं किती सहज वाहतं त्याचं माप ट्रान्समिसिव्हिटी. सूत्र सोपं: ०.१८३ गुणिले रोजचा उपसा घनमीटरमध्ये, भागिले उतार. मिनिटाला २० लिटर म्हणजे दिवसाला २८.८ घनमीटर. ०.१८३ × २८.८ ÷ ३.५ म्हणजे १.५ चौरस मीटर प्रति दिन. कमीच म्हणायची.

चार्ल्स थाइस या अमेरिकन भूजलतज्ज्ञाने १९३५ साली हे गणित मांडलं, तेही उष्णता धातूतून कशी पसरते त्या समीकरणावरून. तेलाच्या जगात हाच आलेख हॉर्नरच्या नावाने ओळखला जातो, आणि तो १९५१ चा आहे. पाणीवाल्यांनी थोडा भाव खायला हरकत नाही.

साडेतीन तासांच्या आधीची वाचनं मी का टाकली? कारण तोवर बोअरचं पोट भरणं चालूच असतं. पंप बंद झाला तरी खडकातून पाणी येणं थांबत नाही. पातळी हलते ती त्या भरण्यामुळे, आणि खडकाचा उतार त्यात दडून जातो. किती वेळ टाकायचा त्याचा तेलवाल्यांचा ठोकताळा: बोअरच्या त्रिज्येचा (मीटरमध्ये) वर्ग गुणिले ३०, भागिले ट्रान्समिसिव्हिटी; उत्तर दिवसांत. इथे ते येतं सव्वातीन तास. भूजलाच्या पुस्तकांतला काटेकोर नियम ३० च्या जागी २५० घ्यायला सांगतो. तो धरला तर सुमारे सत्तावीस तास थांबावं लागेल, आणि तेवढा वेळ कोणतीही सोसायटी पाणी बंद ठेवत नाही. मी सैल ठोकताळा वापरतो आणि उत्तर पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे धरतो. ट्रान्समिसिव्हिटी १० असती तर हाच वेळ अर्ध्या तासावर आला असता. बोअर जितकी कमजोर, तितकी चाचणी लांब करावी लागते, आणि नेमकं अशाच बोअरची चाचणी तासाभरात गुंडाळली जाते.

या एका बोअरवरून साठवण गुणांक, म्हणजे खडक किती पाणी साठवतो-सोडतो त्याचं माप, काढू नका. त्याला थोड्या अंतरावर दुसरी निरीक्षणाची बोअर लागते. एकाच बोअरवरून काढून दिलेला आकडा अहवालात छान दिसतो, पण त्याला अर्थ नसतो.

रेघ काय सांगते

*उतार तोच, घट मात्र जास्त.* गेल्या वर्षीही २० लिटरलाच चाचणी केली होती, उतार साडेतीनच होता, पण आठ तासांनंतरची घट १७ ऐवजी २४ मीटर झालीय. याचा अर्थ खडक ठीक आहे, भेगेचं तोंड बुजलंय. उतार खडकाचा असतो, जास्तीची घट बोअरची. तेलवाले याला स्किन म्हणतात. कारणं: लोहजिवाणूंचा तांबूस चिकट थर, तांबड्या पट्ट्यातली सुटलेली माती, क्षाराचं किटण. पंप बाहेर काढलात की पाइपावर हात फिरवून बघा, बुळबुळीत तांबडं लागलं तर शंका मिटली. कॉम्प्रेसरने फ्लशिंग करून घ्या. पाणी वाढवण्याचा हा सर्वात स्वस्त उपाय आहे. मात्र तो लागू कुठे पडतो हे न बघता दरवर्षी फ्लशिंग करणाऱ्या सोसायट्याही आहेत.

खात्री करायची तर १०, १५, २० लिटर असे तीन टप्पे तासातासाचे चालवा आणि प्रत्येक टप्प्यात एका लिटरमागे किती घट झाली ते काढा. ती टप्प्यागणिक चढत असेल तर पाणी तोंडाशी घुसमटतंय.

*उतारच वाढला.* इथे फ्लशिंगचा उपयोग नाही. स्थिर पातळी उतरली, वरचा मांजऱ्याचा थर कोरडा झाला, वाहायला उरलेली जाडी कमी झाली. उपसा कमी करण्यावाचून इलाज नाही.

*उतार मधेच दुप्पट.* उपसा चालू असतानाची घट वेळेच्या लॉग मापावर आखली तर काही तास रेघ एका उताराने उतरते आणि मग दुप्पट तीव्र होते. उपशाचा परिणाम पसरत पसरत जिथून पाणी येत नाही अशा भिंतीपर्यंत पोहोचला. काटकोनातल्या दोन भिंती असतील तर उतार चौपट होतो. ही भिंत डाइकची (थरांना छेदून उभ्या घुसलेल्या घट्ट खडकाची) असेल, नाहीतर टेकडीच्या बाजूला थर संपत असेल. पण पुण्यात ही खूण दिसली की मी आधी शेजारच्या सोसायटीत जातो. शेजाऱ्यानेही तेवढाच उपसा सुरू केला तर आलेखावर अगदी हीच आकृती उमटते. फरक असा की भिंत घड्याळ बघत नाही. उतार रोज सकाळी सहाला बदलत असेल आणि पातळीचं पुन्हा चढणं नऊपर्यंत अडून राहत असेल, तर ती भिंत पलीकडच्या पंप ऑपरेटरने बांधलेली आहे. एका सकाळी त्यांना पंप बंद ठेवायची विनंती करा. बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांच्याकडेही हीच तक्रार चालू असते, आणि मग वेळा वाटून घेता येतात.

*रेघ शून्यावर पोहोचतच नाही.* भागाकार १ कडे जाताना उरलेली घटही शून्याकडे जायला हवी. ती वरच अडकत असेल तर पाणी एका बंदिस्त कप्प्यातून येतंय आणि तुम्ही भांडवल खाताय. आपल्या बोअरमधून रोज ९,६०० लिटर काढले आणि रोज सकाळची पातळी ०.४ मीटरने खाली मिळाली, तर कप्प्याचं क्षेत्रफळही काढता येतं. झिजलेल्या सच्छिद्र बेसॉल्टमधून १ ते ३ टक्के पाणी निथळतं. २ टक्के धरा. ९.६ घनमीटर भागिले ०.०२ भागिले ०.४ म्हणजे १,२०० चौरस मीटर, जेमतेम बारा गुंठे. थर वरून दाबबंद (घट्ट खडकाखाली दाबाखाली) असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथे क्षेत्र बरंच मोठं निघेल. पण उथळ मांजऱ्यात पाणी असेल तर हे बारा गुंठे पावसाळ्यापर्यंत पुरवायचे आहेत, हे कमिटीला स्पष्ट सांगा.

*रेघ भागाकार २ च्या आधीच शून्यावर.* बाहेरून पाणी मिळतंय. मुठा उजव्या कालव्याच्या जवळची बोअर असेल तर आवर्तन (कालव्याला सोडलेलं पाणी) चालू असताना आणि बंद असताना अशा दोन चाचण्या करा, उत्तर लगेच मिळतं. कालवा, नदी, ओढा काहीच जवळ नसेल आणि तरी भर उन्हाळ्यात पातळी झटपट भरत असेल, तर आनंद आवरा आणि पाण्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट आणि कोलिफॉर्म बघायला सांगा. फुटकी ड्रेनेज लाइनसुद्धा बोअर इमानदारीने भरते.

*मधेच सपाट.* घट वाढता वाढता थांबते, तासभर पातळी जागची हलत नाही, सगळे खूश होतात आणि चाचणी बंद करतात. नेमकं तेव्हाच बंद करू नये. भेगांतलं पाणी आधी येतं, ते ओसरायला लागलं की आजूबाजूच्या सच्छिद्र खडकातून पाणी भेगांत झिरपायला लागतं आणि काही काळ दोन्हींचा तोल राहतो. मग पातळी पुन्हा उतरायला लागते, पूर्वीच्याच उताराने. तेलाच्या भेगाळ साठ्यांसाठी वॉरेन आणि रूट यांनी १९६३ मध्ये हे दुहेरी वागणं गणितात बसवलं. आपला बेसॉल्ट बऱ्याच ठिकाणी तसाच वागतो. सपाटी दिसली की आणखी तीन-चार तास चालवा. ती टिकली तर भरणं खरं आहे.

मग करायचं काय

नमुन्याच्या बोअरला ९० लिटरचा पंप काढून लहान बसवा, नाहीतर निदान व्हॉल्व्हने २० वर आवळा. दिवसाला आठ तास चालली तर ९,६०० लिटर, म्हणजे जवळपास एक टँकर. कमिटीला हा आकडा खुपतो. मोठ्या पंपाने चार-पाच फेऱ्यांत साधारण एवढंच पाणी येत होतं, तेव्हा धार आवळून पाणी वाढलं असं मी म्हणणार नाही. थांबतं ते मोटर वारंवार चालू-बंद होणं, कोरडी फिरणं, आणि दर फेरीला भेग उघडी पडून तिच्यातली माती सुटणं. वायंडिंग जळाल्याचा खर्च ज्यांनी एकदा भरलाय त्यांना हे पटवावं लागत नाही.

ड्राय रन प्रिव्हेंटर करंट बघून पंप थांबवतो, म्हणजे पाणी संपल्यावर. त्याऐवजी लो-लेव्हल सेन्सर भेगेच्या दोन मीटर वर, इथे ३७ मीटरवर लावा. पंप ८४ वर आहे तिथेच राहू दे, खालचं पाणी आग लागली किंवा पालिकेचं पाणी बुडालं तर राखीव म्हणून असावं.

ही दुसरी चाचणी दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलअखेर एकदा, वर्षातून दोनदा करा, प्रत्येक वेळी उपसा तोच ठेवून, नाहीतर तुलना करता येत नाही. सेन्सर ३७ वर असताना स्थिर पातळी २० मीटरपर्यंत उतरली की हातात फक्त १७ मीटर घट उरते, आणि २० लिटरला आठ तासांत तेवढीच घट लागते. तिथे पोहोचायच्या आधी उपसा १५ वर आणा. तेरा मीटर घटीत भागेल, रोजचं पाणी ७,२०० लिटर होईल, आणि उरलेल्यासाठी टँकर मागवावा लागेल.